सायबर वकिली: सनदेपासून पहिल्या हॅश व्हॅल्यूपर्यंत

निकालाचे दिवस आले की मला साधारण एकाच मजकुराचे फोन येतात. "ताई, सायबर वकील व्हायचंय, कोणता कोर्स करू?" कुणाची भाची असते, कुणाचा मुलगा असतो, कधी हिंजवडीत दहा वर्षं कोडिंग करून कंटाळलेला माझ्याच वयाचा माणूस असतो. प्रश्न चांगला आहे, फक्त तो दोन-तीन वर्षं आधी विचारला जातो.

आपल्याकडे 'सायबर वकील' अशी वेगळी सनद नाही. वकीलपत्र तेच, गाऊन तोच, बँडही तोच. उलट बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार आपण अमुक कामातले तज्ज्ञ आहोत असं पाटीवर किंवा लेटरहेडवर लिहायला मनाईच आहे. लोक ज्या नावाने तुम्हाला शोधत येणार, ते नाव दारावर लावता येत नाही. ते लावतात बार रूममधले लोक. कुणाच्या मॅटरमध्ये पेनड्राइव्ह आला, सीसीटीव्ही आलं, व्हॉट्सॲपचे प्रिंटआउट आले की, "त्यांना विचार, त्या बघतात हे," असं म्हणून ते तुमच्याकडे बोट दाखवतात.

मी मूळची साताऱ्याकडची, बी.कॉम. नंतर तीन वर्षांचं एलएल.बी. केलेली. संगणकाचं शिक्षण एमएस-सीआयटीपुरतं. तेव्हा 'मला कोडिंग येत नाही' ही भीती घेऊन वाचत असाल तर ती आत्ताच बाजूला ठेवा.

१. पदवी आणि सनद

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची विधी सीईटी, आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. दूरस्थ पद्धतीने घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. नोकरी करणाऱ्यांना गाठणारे एजंट ही गोष्ट शेवटपर्यंत सांगत नाहीत.

पदवी हातात आली की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी. फायलीत साधारण हे लागतं:

- दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका
- कायद्याच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र
- आधार, पॅन, पांढऱ्या शर्टात काळा कोट आणि बँड घातलेले फोटो
- चारित्र्याचे दाखले
- प्रतिज्ञापत्रं, त्यात शिक्षणात खंड असेल तर त्याचं कारण

यादी अधूनमधून बदलते, म्हणून कौन्सिलच्या संकेतस्थळावरची ताजी यादीच प्रमाण माना. नावाचं स्पेलिंग दहावीपासून पदवीपर्यंत एकच आहे ना, हे आधी तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे अर्ज इथेच अडतात. राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र जोडूनच ठेवा.

नोंदणी शुल्काबद्दल अजूनही जुन्या गोष्टी ऐकवल्या जातात. गौरव कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केलं की अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ मधली रक्कमच घेता येईल: सर्वसाधारण उमेदवारांकडून ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५. मुद्रांक शुल्क असेल तर ते वेगळं.

मग अखिल भारतीय बार परीक्षा. टीपा नसलेले मूळ कायदे आत नेता येतात, त्यामुळे पाठांतरापेक्षा कलम पटकन सापडणं महत्त्वाचं. गंमत म्हणजे १०० प्रश्नांत सायबर कायद्याला जेमतेम दोन प्रश्न असतात.

आयटीतल्या मित्रांसाठी एक सूचना: पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. नोंदणीच्या वेळी तसं लिहून द्यावं लागतं. राजीनामा केव्हा द्यायचा आणि पुढचं दीड वर्ष घर कशावर चालवायचं, हा हिशेब आधी घरात बसून करा.

२. पहिली दोन वर्षं साध्या फौजदारी कामात

ही पायरी सगळ्यांना नको असते. नव्या मुलांना थेट रॅन्समवेअर हवं असतं. पण सायबर गुन्हा म्हणजे शेवटी गुन्हाच. त्यात फिर्याद असते, पंचनामा असतो, रिमांड असतो, दोषारोपपत्र असतं. रोजनामा वाचता येत नसेल, सरकारी वकिलांच्या 'से'साठी (लेखी म्हणण्यासाठी) अर्ज किती दिवस पडून राहतो हे माहीत नसेल, मुद्देमाल कारकुनाशी कसं बोलायचं हे येत नसेल, तर आयपी ॲड्रेसचं ज्ञान घेऊन तुम्ही व्हरांड्यात उभे राहाल.

म्हणून रोज बोर्डावर पाच-सात मॅटर असणारा तालुका किंवा जिल्हा न्यायालयातला फौजदारी सिनियर शोधा. पैशांची फार अपेक्षा नको. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली आहे. शिफारस आहे, बंधन नाही. ते परिपत्रक सिनियरच्या टेबलावर ठेवायचं धाडस मी तुमच्यावर सोडते.

या काळात एक सवय लावून घ्या: दोषारोपपत्र मागून पुढे वाचायचं. आधी मुद्देमालाची यादी, मग पंचनामा, मग जबाब, आणि फिर्याद शेवटी. मोबाईल जप्त केला तेव्हा तो चालू होता की बंद, पाकिटाला लाखेचं सील होतं का, प्रयोगशाळेत तो किती दिवसांनी पोचला, अशा जागी केस अडते.

आणि मराठी. जिल्हा न्यायालयांत फिर्यादी, जबाब, पंचनामे मराठीतच येतात. 'अनोळखी मोबाईलधारक इसमाने फिर्यादीचा विश्वास संपादन करून' या एका वाक्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डी चे (तोतयेगिरी करून फसवणूक) किती घटक बसले आहेत, हे इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना चटकन दिसत नाही. सराव करा.

३. वाचायचं काय

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मूळ स्वरूपात वाचा, गाइड नको. तो १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे आणि त्यातली बहुतेक कामाची कलमं २००८ च्या दुरुस्तीने आली, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आहे. आधी ४३ आणि ६६ जोडीने वाचा. मग ६६क ते ६६च (इंग्रजी 'ए' ते 'एफ') असं मराठीत वाचताना इंग्रजी अक्षरांशी गल्लत होऊ देऊ नका, माझी झाली होती. ओळखीची चोरी इंग्रजी 'सी'मध्ये, तोतयेगिरी करून फसवणूक 'डी'मध्ये, खासगीपणाचा भंग 'ई'मध्ये. अर्जात कलम लिहिताना मी अजूनही कंसात विषय लिहिते. त्यानंतर ६७ ची सगळी भावंडं, ७७ब, ७८ आणि मध्यस्थांना संरक्षण देणारं ७९.

ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं ६६अ (इंग्रजी 'ए') मात्र मेलेलं आहे. २०१२ मध्ये पालघरला फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली, त्यातून श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. तरी पुढची कित्येक वर्षं पोलीस ठाण्यांत ते लावलं जात राहिलं. फुटपाथवरून जुना कायदा विकत घेऊ नका, याचं हेच कारण.

त्यानंतर १ जुलै २०२४ पासून लागू झालेले तिन्ही फौजदारी कायदे. न्याय संहितेचं (पूर्वीची दंड संहिता) ३१८(४) आणि ३१९, नागरिक सुरक्षा संहितेचं ३५(३), ९४, १०५, १०६, १७३, १७५(३), ४९७ आणि ५०३, आणि साक्ष्य अधिनियमाचं ६३. एवढ्या कलमांवर तुमचं पहिलं वर्ष निघेल.

कोर्स करायचाच असेल तर कामाला लागल्यावर करा. पुण्याच्या एशियन स्कूल ऑफ सायबर लॉजपासून दिल्लीच्या इंडियन लॉ इन्स्टिट्यूटपर्यंत पर्याय आहेत. हातात दोन फायली असताना केलेला तीन महिन्यांचा कोर्स, रिकाम्या हाताने केलेल्या एलएल.एम. पेक्षा जास्त देऊन जातो. हे माझं मत. प्राध्यापक मंडळींना पटत नाही.

४. यंत्राशी तोंडओळख

एवढं स्वतःच्या हाताने करून बघा:

- एखाद्या फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा असलेली लांबलचक संख्या, काढणं. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आधीच असते, काही विकत घ्यावं लागत नाही. मग फाइलमध्ये एक स्वल्पविराम टाका, जतन करा, पुन्हा हॅश काढा. अख्खी संख्या बदललेली दिसेल. हा प्रयोग मी न्यायालयातही समजावून सांगितला आहे.
- जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडून ईमेलचा हेडर (तो कुठून कसा आला याची नोंद) वाचणं.
- व्हॉट्सॲपवर एकच फोटो दोनदा पाठवणं, एकदा नेहमीसारखा आणि एकदा डॉक्युमेंट म्हणून. दोन्हींची हॅश मूळ फोटोशी ताडून बघा. नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो, त्यातली तारीख-वेळ-जागेची माहिती गळून पडते.
- एफटीके इमेजर हे मोफत साधन वापरून जुन्या पेनड्राइव्हची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण नक्कल, घेणं.

तुम्ही फॉरेन्सिक तज्ज्ञ व्हायचं नाही. तज्ज्ञाची उलटतपासणी घेता यावी, एवढंच ध्येय आहे.

वेळेचा एक सापळा इथेच सांगते. परदेशी कंपन्यांचे लॉग (संगणकाने ठेवलेल्या नोंदी) बहुधा जागतिक प्रमाणवेळेत येतात, आपली घड्याळं साडेपाच तास पुढे. रात्री साडेअकराची नोंद भारतीय वेळेत दुसऱ्या दिवशी पहाटे पाचची होते. त्या वेळी तो आयपी पत्ता कुणा दुसऱ्याकडेच असू शकतो. आयपीचा तपशील चुकला की काय होतं, हे पुण्याने पाहिलेलं आहे. २००७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरावरून बेंगळुरूच्या एका अभियंत्याला अटक झाली. इंटरनेट कंपनीने दिलेला तपशील चुकीचा निघाला, तोवर त्याचे सुमारे पन्नास दिवस तुरुंगात गेले होते.

५. पहिला पक्षकार दारात आला की

तो बहुधा पैसे गेलेला माणूस असतो. शेअर ट्रेडिंगचं खोटं ॲप, 'टास्क' पूर्ण करा म्हणणारा टेलिग्राम ग्रुप, ई-चलनाच्या नावाने आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी), किंवा तीन दिवस व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट'मध्ये बसवलेले निवृत्त काका. (अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही, हे त्यांना हळू आवाजात सांगा. आधीच लाज वाटत असते.)

वकीलपत्र, फी, चहा सगळं नंतर. आधी १९३० ला फोन किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार झाली आहे का ते विचारा. नसेल तर तुमच्या समोर करायला लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिथून पाच-सहा खात्यांत असे उड्या मारत जातात. तक्रार लवकर नोंदली गेली तर मधल्या एखाद्या बँकेत रक्कम अडते. एकदा एटीएममधून नोटा बाहेर आल्या की तुमचा युक्तिवाद कितीही चांगला असो.

हे जमवा:

- प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला), तारीख, वेळ, रक्कम. तक्ता करून, त्याच क्रमाने
- बँकेचा शिक्का असलेलं खाते विवरण
- समोरच्याचे मोबाईल क्रमांक, यूपीआय आयडी, खाते क्रमांक
- पत्त्याची पट्टी दिसेल असे स्क्रीनशॉट, आणि मूळ चॅट फोनमध्ये तसंच
- पोर्टलचा पोचपावती क्रमांक

पोर्टलवरची तक्रार म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे. अनेक पक्षकार पोचपावतीची प्रिंट लॅमिनेट करून ठेवतात आणि चार महिन्यांनी 'माझी केस कुठवर आली' विचारतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार एफआयआर वेगळी नोंदवावी लागते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने नोंदवायची तरतूद आता थेट कायद्यात आहे. तरीही नकार आला तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी अर्ज, आणि मग प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) खाली. मधली पायरी गाळली तर अर्ज तिथेच पडतो.

फिर्यादीचा मसुदा तुम्हीच मराठीत, तारीखवार, दीड-दोन पानांत लिहून द्या. ठाणे अंमलदाराच्या पाळीत अजून दहा माणसं रांगेत असतात. नीट लिहून नेलेलं सहसा तसंच उतरतं.

६. कलम ६३ चं प्रमाणपत्र

या पायरीवर थोडं थांबते, कारण माझी पहिली मोठी फजिती इथे झाली.

खंडणीची धमकी होती. पक्षकाराकडे अकरा कॉल रेकॉर्डिंग होती, आवाज लख्ख. मी ती पेनड्राइव्हमध्ये घेतली, शब्दशः उतरवून काढली, प्रमाणपत्राचा नमुना भरला. पुराव्याच्या दिवशी न्यायाधीश साहेबांनी एवढंच विचारलं, "मूळ फोन कुठे आहे?" मी पक्षकाराकडे पाहिलं. त्यांनी दिवाळीच्या ऑफरमध्ये तो एक्स्चेंजला देऊन नवा घेतला होता. रेकॉर्डिंग आधी नव्या फोनवर, मग मेलवर, मग माझ्या पेनड्राइव्हवर आली होती, आणि माझं प्रमाणपत्र मात्र जुन्या फोनबद्दल बोलत होतं. उलटतपासणी सात मिनिटंही चालली नाही.

तेव्हापासून पहिल्याच भेटीत पक्षकाराकडून मी सही घेते: फोन विकणार नाही, रीसेट करणार नाही, सिम बदलणार नाही, 'आपोआप नाहीसे होणारे संदेश' बंद करीन.

कायदा असा आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब खाली होतं, आता साक्ष्य अधिनियमाच्या ६३(४) खाली, अनुसूचीत दिलेल्या नमुन्यात. त्याचे दोन भाग: भाग 'अ' उपकरण किंवा नोंद ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश व्हॅल्यू आणि ती कोणत्या पद्धतीने काढली ते लिहायचं असतं. ६५ब चा जुना एकपानी नमुना अजून टायपिस्टांच्या संगणकात फिरतो आहे. नव्या प्रकरणात तो चिकटवू नका.

या विषयावरचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याचा आहे. २०१४ ची विधानसभा निवडणूक, उमेदवारी अर्ज मुदतीत आले की नंतर हा वाद, आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण हा पुरावा. अधिकारी प्रमाणपत्र देईनात. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी १४ जुलै २०२० रोजी तीन गोष्टी पक्क्या केल्या. प्रत देत असाल तर प्रमाणपत्र अनिवार्य. मूळ उपकरणच साक्षीदाराने पिंजऱ्यात आणून सिद्ध केलं तर त्याची गरज नाही. आणि ज्याच्याकडे नोंद आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं. तिसरा मुद्दा ज्युनियर विसरतात. सोसायटीचा सचिव, दुकानदार, बँक, टोलनाका, कुणीही नाही म्हटलं की ते हात टेकतात. आधी लेखी मागणी करा, पोच ठेवा, मग न्यायालयात अर्ज.

सीसीटीव्हीच्या बाबतीत दिवस मोजायचे असतात. डीव्हीआरची (चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राची) जागा भरली की तो जुन्यावर नवं लिहितो. दुकानांतल्या साध्या यंत्रांत महिनाभर टिकलं तरी नशीब. म्हणून गुन्हा दाखल व्हायची वाट न बघता 'चित्रीकरण जतन करा' अशी नोटीस त्याच दिवशी द्या. आणि डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते पंचनाम्यात आलं पाहिजे. माझ्या एका मॅटरमध्ये ते सत्तेचाळीस मिनिटं मागे होतं, आणि आरोपीचा बचाव नेमका त्या सत्तेचाळीस मिनिटांवर उभा होता.

भाग 'ब' साठी तज्ज्ञ कोण, हा प्रश्न तालुक्याच्या ठिकाणी रोजचा आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याची सही घेऊन मोकळे होऊ नका. त्या माणसाला साक्षीला बोलावलं तर त्याची पात्रता आणि अनुभव टिकेल का, हे आधी बघा आणि त्याला तसं सांगा. सही करणारे पुष्कळ मिळतात, तारखेला येणारे कमी.

७. गोठलेलं खातं

अलीकडे हे काम सगळ्यात जास्त येतं. कोल्हापूरचा चप्पल व्यापारी, नाशिकचा द्राक्ष दलाल, कोपऱ्यावरचा मोबाईल रिचार्जवाला. कुणा गिऱ्हाइकाने यूपीआयने अडीच हजार दिले, ते पैसे कुठल्यातरी फसवणुकीच्या साखळीतले निघाले, आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून अख्खं चालू खातं बंद.

पायऱ्या अशा. बँकेकडून लेखी घ्या: कुणाच्या पत्रावरून, कोणत्या तक्रार क्रमांकावर, किती रकमेसाठी. बँक तोंडी सांगते, तुम्ही लेखीच मागा. मग त्या तपासी अधिकाऱ्याला बिल, जीएसटी विवरण, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं जोडून ईमेल आणि स्पीड पोस्ट. मागणी साधी ठेवा: वादातली रक्कम अडकवून ठेवा, बाकीचं खातं मोकळं करा. याला चांगला प्रतिसाद मिळतो. नाही मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खालची जप्ती दंडाधिकाऱ्यांना कळवली आहे का हे शोधा आणि तिथे अर्ज करा, किंवा उच्च न्यायालय.

उलट बाजूने, तुमच्या फसलेल्या पक्षकाराची रक्कम कुठे अडकली असेल तर ती आपोआप परत येत नाही. दंडाधिकाऱ्यांकडे त्याच संहितेच्या ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज, तपासी अधिकाऱ्याचा से, बंधपत्र, आदेश, आणि आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन बँकेत खेपा. पक्षकाराला हा वेळ पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

८. आरोपीच्या बाजूने उभं राहताना

पन्नास हजारांच्या आमिषाने स्वतःचं खातं 'भाड्याने' दिलेला बावीस वर्षांचा मुलगा, असा आरोपी तुमच्याकडे येईल. ६६सी, ६६डी ला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ७७ब मुळे ती जामीनपात्र आहेत. पण सोबत न्याय संहितेचं ३१८(४) लावलेलं असतं, सात वर्षांपर्यंतचं आणि अजामीनपात्र. म्हणून केवळ आयटी कायदा वाचून गेलात तर रिमांडला घाम फुटेल. २०१८ मध्ये गगन हर्ष शर्मा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, आयटी कायद्यात पूर्ण बसणाऱ्या कृत्यासाठी जोडीला दंड संहितेची कलमं चालवता येणार नाहीत असं म्हटलं. हा मुद्दा मांडण्याआधी त्यापुढचे निकाल जरूर शोधा.

आयटी कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक दर्जाखालच्या अधिकाऱ्याने केला का, हे ७८ खाली तपासा. झडतीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झालं का तेही. दुसऱ्या राज्यातून व्हॉट्सॲपवर पोलिसांपुढे हजर राहायला सांगणारी ३५(३) ची नोटीस आली तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये अशी बजावणी ग्राह्य नाही असं सांगितलं आहे. पण म्हणून नोटीस चुरगाळून टाकू नका. लेखी उत्तर द्या, आणि अटकेची शक्यता असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या प्रिया इंदोरिया निकालाच्या आधारे इथल्याच सत्र न्यायालयाकडून मर्यादित संरक्षण मागा.

९. न्यायालयाखेरीज दोन दारं

आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव निर्णय अधिकारी असतात. पाच कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईचा दावा त्यांच्यासमोर चालतो आणि अशा दाव्यांना दिवाणी न्यायालयाचं दार कलम ६१ ने बंद आहे. बँकेने किंवा सिमकार्ड कंपनीने काळजी न घेतल्यामुळे पैसे गेले असतील तर हा मार्ग विचारात घ्या. अपील दिल्लीच्या दूरसंचार लवादाकडे.

दुसरं दार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं. आधी बँकेकडे तक्रार, तीस दिवस वाट, मग तिथे विनाशुल्क. मात्र पक्षकाराच्या वतीने वकिलाने ती तक्रार दाखल करायची नाही, तशी केली तर फेटाळली जाते. मसुदा तुम्ही करा, सही आणि दाखल करणं पक्षकाराचं. ग्राहकाचा दोष नसताना तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर भार नाही, आणि दोष सिद्ध करायची जबाबदारी बँकेची, हे तत्त्व २०१७ च्या परिपत्रकापासून चालत आलं आहे. स्वतः ओटीपी सांगितला असेल तर गणित वेगळं होतं.

१०. फी आणि जाहिरात

"मॅडम, सुटलेल्या रकमेतले वीस टक्के तुमचे." हे वाक्य तुम्हाला पहिल्याच वर्षी ऐकू येईल. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. टप्प्यांप्रमाणे फी ठरवा: तक्रार-मसुदा, एफआयआर, रक्कम परतीचा अर्ज. पावती द्या.

इन्स्टाग्रामवर 'चोवीस तासांत खातं अनफ्रीझ' असले रील करणारे वकील दिसतील. त्यांच्या मागे जाऊ नका. स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं देता येतं. शाळा-महाविद्यालयांत, ज्येष्ठ नागरिक संघांत मोफत बोलायला जा, तिथे कार्ड वाटू नका. ज्यांना लागेल ते शोधत येतात.

११. कंपन्यांचं काम

पाचेक वर्षांनी हे दार उघडतं, आणि खरं सांगायचं तर घराचे हप्ते याच कामावर फिटतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हापासून छोट्या सहकारी बँका आणि पतसंस्थांनाही कळलं की करार, लॉग आणि जबाबदाऱ्या आधीच लिहून ठेवाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे आणि दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. दवाखाने, क्लासेस, सोसायटीचं ॲप चालवणारे, सगळ्यांना संमतीचे मसुदे लागणार आहेत, आणि ते मराठीत नीट लिहिणारी माणसं थोडी आहेत.

संगणकांवर हल्ला झाला की मात्र सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे तिला सहा तासांत कळवायचं असतं, आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. त्यामुळे रात्री अडीचला फोन वाजला आणि पलीकडून कुणी घाबरून सर्व्हरबद्दल बोलू लागलं, तर मी उशाजवळची वही ओढते आणि पहिला प्रश्न विचारते, "तुम्हाला नेमकं किती वाजता कळलं?" उत्तर येतं ते मिनिटासकट लिहून घेते. मग म्हणते, "आता मशीन बंद करू नका, फक्त नेटची वायर काढा, आणि मी पोचेपर्यंत कुणालाही काही डिलीट करू देऊ नका."